आभाळाला आलेला तेल्या



आजच्या नोंदीत बागेपेक्षा कॅमेरा जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना फक्त फवारणीचं बघायचंय त्यांनी सोमवारची नोंद वाचा. पण गेल्या दोन महिन्यांत निदान पंधरा जणांनी विचारलं, "दादा, तुम्ही कॅमेरा घेतलाय, आम्ही पण घ्यावा का?" प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो. यात माझी फजिती पण आहे. ती लपवली तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

गेल्या मार्चमध्ये मृगाच्या मालाचे पैसे हातात आले आणि मी ६२ हजारांचा डीएसएलआर घेतला, १८-१४० लेन्ससकट. म्हणजे सगळ्यात स्वस्तातला नाही आणि लग्नवाल्यांचा लाखाचा पण नाही, मधला. २४ मेगापिक्सेल. कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही. पुढं वाचलं की का ते कळेल, कारण त्याच मॉडेलवर खूश असलेली माणसं पण मला माहीत आहेत आणि एकाच्या अनुभवावरून सगळ्या मालाला नाव ठेवणं बरोबर नाही.

घरात त्या दिवशी कुणी बोललं नाही. ड्रिपच्या लॅटरल बदलायच्या होत्या, त्या तशाच राहिल्या. आई एवढंच म्हणाली, "फोटू काढून डाळिंब गोड हुतंय व्हय?"

मला पाहिजे होता तो नोंदीसाठी. फोनवर फोटो काढायचो, पण दुपारच्या उन्हात फोनच्या काचेवर काही दिसत नाही. अंदाजानं दाबायचं आणि घरी येऊन बघायचं तर फळाच्या ऐवजी मागची फांदी स्वच्छ आलेली. कॅमेऱ्याला डोळा लावायचं भिंग असतं, त्यातून भर उन्हात पण चक्क दिसतं. हे एक सुख मला पहिल्या दिवसापासून मिळालं आणि आजपण मिळतंय. दुसरं, बॅटरी. एका चार्जिंगवर माझे सातआठशे फोटो होतात. आमच्याकडं लाईट रात्री येते तर दिवसा जाते, त्यात हे लय मोठं आहे. तिसरं, प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये तारीख, वेळ, सेटिंग आपोआप लिहिलं जातं. दर सोमवारी तीच दहा झाडं, त्याच जागेवर उभं राहून. एप्रिल ते ऑगस्ट अशी माळ लावून बघितली तेव्हा कुठल्या ओळीत पाणी कमी पडलं ते मला डायरीत सापडलं नव्हतं, फोटोत सापडलं. सातव्या ओळीचा ड्रिपर चोक होता.

मग मका. चुलत्याच्या मक्यात अळी पडली होती. २०१८ साली आपल्या देशात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली ती अमेरिकन लष्करी अळी, की दुसरी कुठली, यावर वाद चालला होता. ओळखायची खूण सगळ्यांना तोंडपाठ आहे. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके. पण वळवळणाऱ्या अळीवर ते बघणार कसं? कॅमेऱ्यात तिचा फोटो घेतला, लॅपटॉपवर मोठा केला, वाय आणि चार ठिपके दोन्ही समोर. पाच मिनिटांत वाद संपला. त्या दिवशी चुलत्यानं मला चहा पाजला आणि माझं डोकं जरा हवेत गेलं.

तिथंच घोळ झाला.

सप्टेंबरच्या मध्यात आठ दिवस ढगाळ होतं. मधूनच झिमझिम. ज्यांच्याकडं मृग बहार आहे त्यांना सांगायला नको, अशा हवेत झोप लागत नाही. भगव्याची फळं लिंबापेक्षा मोठी, पेरूपेक्षा लहान. रोज संध्याकाळी बागेतून एक चक्कर. मी नुकताच एका व्हिडिओत ऐकलं होतं की झडप जितकी बारीक तितकं पुढचं मागचं सगळं स्वच्छ येतं. म्हणून आकडा पार एफ २२ वर नेऊन ठेवला होता. त्या सेटिंगवर सहा फोटो काढले आणि आमच्या सल्लागार सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले.

तासाभरात सरांचा निरोप आला. तीन फोटोत फळावर बारीक काळसर ठिपके दिसतायत, कडा विरघळल्यासारख्या आहेत. हवा बघता तेल्याची सुरुवात असू शकते. "उद्या सकाळी झाडावर जाऊन फळ हातात घेऊन बघा आणि मला फोन करा."

शेवटचं वाक्य मी वाचलं. खोटं कशाला बोलू, वाचलं. पण 'तेल्या' हा शब्द वाचल्यावर पुढचं माणसाच्या डोक्यात शिरत नाही. ज्यानं एकदा तेल्यात बाग उभीच्या उभी तोडलीय त्यालाच ते कळेल.

घरची बॅटरी घेऊन माझ्याबरोबर बागेत आली. दहाबारा फळं फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाली, "अवो, मला तर एकबी डाग दिसंना."

मी काय म्हणलं असेल? "डोळ्याला दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे एचटीपी सुरू केला. अडीच एकर, कॉपर आणि जिवाणूनाशक. औषध, डिझेल, मजुरी धरून साडेपाच हजार. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण आपण नोंदी लिहिणारे, चार लोक आपलं ऐकतात, म्हणून शहाणपणानं तो फोटो आमच्या तालुक्याच्या डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सावध राहा, आमच्याकडं सुरुवात दिसतेय." बांधाला लागून असलेल्या अण्णांनी त्याच दुपारी कृषी केंद्रातून उधारीवर औषध आणलं आणि त्यांचा एकर फवारला.

भाचा गणपतीला आलेला होता, तो पुण्यात असतो. त्याला कॅमेऱ्याची हौस. ढग जरा फाटले तसं त्यानं बांधावर उभं राहून बगळ्यांच्या रांगेचे फोटो काढले. सेटिंग माझंच, एफ २२. संध्याकाळी लॅपटॉपवर बघता बघता गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मामा, तुमच्या डाळिंबाचा डाग आभाळालाबी आलाय."

बघितलं तर खरंच. डाव्या हाताला वरच्या बाजूला तीन ठिपके, एक मोठा, दोन लहान. त्यानं माझे डाळिंबाचे फोटो शेजारी लावले. त्याच जागी, त्याच मापाचे तेच तीन ठिपके. जिथं त्या जागेवर फळाची गुळगुळीत साल आली तिथं दिसले, जिथं पानांची गर्दी आली तिथं लपले. म्हणून सहातल्या तीनच फोटोत होते. डाग फळावर नव्हते, कॅमेऱ्याच्या आत सेन्सरवर होते.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे तुमची तरी फसगत होणार नाही. लेन्सच्या मागं आरसा असतो, त्याच्या मागं शटरचा पडदा आणि त्याच्याही मागं सेन्सर. फोटो काढताना आरसा वर जातो, पडदा सरकतो. तिथं धूळ बसू शकते, किंवा नव्या कॅमेऱ्यात त्या हलणाऱ्या भागांचं वंगण बारीक थेंबांनी उडून सेन्सरवरच्या काचेवर बसतं. झडप मोठी उघडी असली, एफ ५.६ वगैरे, तर प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो आणि त्या कणाची सावली पसरून नाहीशी होते. झडप बारीक केली की प्रकाश एकाच दिशेनं आल्यासारखा येतो आणि सावली ठळक पडते. म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट मला ते दिसले नाहीत कारण मी एफ ८ च्या पुढं गेलोच नव्हतो. आणि गंमत अशी की ज्या एफ २२ साठी मी हे केलं त्यानं फोटो काही जास्त स्वच्छ येतच नाही. झडप फार बारीक झाली की प्रकाश कडेला वाकतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. माझं काम एफ ८ ते ११ मध्ये भागतं.

तपासायचं असं. आयएसओ १०० ठेवा, झडप एफ २२ करा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. फोटो निघताना कॅमेरा हलला तरी चालेल, उलट बरंच. मग मोठ्या स्क्रीनवर बघा. असे दोन फोटो घेऊन जे ठिपके जागचे हलत नाहीत ते सेन्सरवरचे. दुकानातून नवा कॅमेरा आणला की त्याच दिवशी हे करा, आणि पाचसहाशे फोटो झाले की परत एकदा. मी आणला त्या दिवशी फक्त पूजा केली होती.

सेवा केंद्राची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की अजून डोकं तापतं. शहरात जायला एक दिवस मोडला. तिथल्या पोरानं न बघताच सांगितलं, धूळ आहे, वापरणाऱ्याची चूक, वॉरंटीत बसत नाही. म्हणलं, बाबा रे, घेतल्यापासून लेन्स एकदाही काढलेली नाही, धूळ शिरली कुठनं? तो म्हणाला, झूम लेन्स मागंपुढं केली की हवा आत ओढली जाते. हे त्याचं खोटं नव्हतं, तसं होतं. पण फुंकणीनं ठिपके गेले नाहीत, ओलं पुसावं लागलं, म्हणजे ते वंगणच असणार असं भाचा म्हणतो आणि मलाही तेच वाटतं. बाराशे रुपये घेतले. हजारभर फोटोंनंतर दोन ठिपके परत आले. दुसऱ्या वेळी तिथं वेगळा माणूस होता, त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि फुकटात करून दिलं. त्यानंतर आजपर्यंत साफ आहे. एकाच काउंटरवरचे हे दोन अनुभव.

आता बाकीच्यांचं. आमच्या ओळखीत हाच कॅमेरा आणखी तिघांकडं आहे आणि तिघांचं तीन तऱ्हेचं आहे.

पंढरपूर रस्त्याला एक नर्सरीवाले आहेत, रोपांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवतात. त्यांची काही म्हणता काही तक्रार नाही. मी ठिपक्याचं सांगितलं तर त्यांनी लगेच आभाळाचा फोटो काढून बघितला. कोरं करकरीत. दोन वर्षं झाली वापरतायत. मला तर जरा वाईटच वाटलं.

तालुक्याला स्टुडिओ चालवणारा पोरगा आहे. त्याचा कॅमेरा आला तोच मागं फोकस करणारा. नवरीच्या डोळ्यावर धरावं तर कानातलं स्वच्छ आणि डोळा मऊ. यात कारण असं की भिंगातून बघताना फोकस ठरवणारा भाग वेगळा असतो आणि फोटो पडतो तो सेन्सर वेगळा. दोघांच्या मापात केसभर फरक पडला की झालं. पण या मधल्या मॉडेलमध्ये तो फरक मेनूत जाऊन दुरुस्त करायची सोय दिलेली आहे, स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती नसते. त्यानं वर्तमानपत्र तिरकं ठेवलं, मधल्या एका ओळीवर फोकस केला, कुठली ओळ स्वच्छ येते ते बघत बघत आकडा जुळवला. आता तोच पोरगा म्हणतो, मांडवातल्या अंधुक लाईटला या किमतीत असा कॅमेरा नाही. आपल्या कामाला एक सोपा उपाय पण आहे. किडीचा फोटो काढताना भिंगातून न बघता मागच्या स्क्रीनवर बघून फोकस करा. तिथं सेन्सरवरच फोकस ठरतो, मग हा फरक येतच नाही. उन्हात स्क्रीन दिसत नाही ही अडचण आहेच, डोक्यावर टॉवेल घ्यायचा.

तिसरे रत्नागिरीकडचे आंबा-काजूवाले. त्यांच्या कॅमेऱ्याला काही झालं नाही, लेन्सला झालं. पावसाळाभर चामडी बॅगेत घालून कपाटात ठेवला, दसऱ्याला काढला तर लेन्सच्या आत बुरशीचं जाळं. आपण भुरीवर एवढं बोलतो, आणि काचेवर पण बुरशी येते हे मला माहीत नव्हतं. दमट हवा आणि अंधार मिळाला की ती येते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल एवढंच लागतं. निळ्या खड्यांची घ्या. ओल धरली की गुलाबी होतात, तापवून वाळवले की परत निळे. आमच्या माणदेशात बुरशी नाही, फुफाटा आहे. ट्रॅक्टर गेल्यावर दहा मिनिटं तरी लेन्स बदलायची नाही हा माझा नियम.

एक तरुण कृषी पदवीधर आमच्याकडं येतो, त्याचं मत या सगळ्यांच्या उलट. तो म्हणतो, दहा पट दाखवणारं हातातलं भिंग आणि बरा फोन असला की शेतकऱ्याला पुरे. ६२ हजारांत लॅटरल आल्या असत्या. आमच्या आईचंच मत त्यानं शिक्षण घेऊन मांडलंय. मला ते पूर्ण पटत नाही, पण खोडता पण येत नाही. थ्रिप्स, कोळी, अळीची अंडी बघायला मी स्वतः आज आधी भिंग काढतो. कॅमेरा लागतो तो दुसऱ्याला दाखवायला आणि पुढच्या वर्षी परत बघायला.

आणि दाखवायचं तर नीट दाखवावं. सप्टेंबरनंतर सरांनी मला तीन गोष्टी लावून दिल्या. पहिली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा टाकला की तो दाबून लहान केला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. दुसरी, चौकटीत पांढरा कागद आणि एक नाणं ठेवायचं. कागदावरून रंग कळतो, नाण्यावरून माप. ढगात किंवा संध्याकाळच्या उजेडात कॅमेरा रंग आपल्या मनानं जुळवतो आणि हिरवं पान पिवळट दिसतं. त्यावर कुणी लोहाची कमतरता सांगितली तर दोष त्याचा नाही. तिसरी, एकाच फळाचे दोन फोटो, दुसरा कॅमेरा थोडा सरकवून. डाग फळाबरोबर सरकला तर फळाचा. जागेवर राहिला तर कॅमेऱ्याचा.

आता जे सांगायला जड जातंय ते.

मी ग्रुपवर दुसऱ्या दिवशी खुलासा टाकला. फोटो, आभाळाचा फोटो, सगळं. पहिल्या पोस्टखाली शंभरावर निरोप होते, खुलाशाखाली अकरा. नोव्हेंबरात व्यापारी बाग बघायला आला. सगळी बाग फिरला, फळ चकचकीत, एक डाग नाही. गाडीत बसता बसता म्हणाला, "तुमच्यात तेल्या हुता म्हणं." मी मोबाईल काढून आभाळाचा फोटो दाखवला. तो हसला आणि किलोमागं पाच रुपये कमी बोलला. आणखी दोघांना बोलावलं, त्यांच्याही कानावर आधीच गेलेलं. साडेआठ टन माल निघाला. ४२ हजार ५०० रुपये गेले. फवारणीचे साडेपाच हजार धरले की ४८ हजार. तीन ठिपक्यांचे.

अण्णांकडं मी खुलासा टाकायच्या आधीच गेलो होतो. सांगितलं की तेल्या नव्हता, कॅमेऱ्यात घाण होती. त्यांच्या फवारणीचे पैसे बरोबर नेले होते. त्यांनी हात मागं घेतला. बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "फवारलं ते फवारलं. पण पुढच्या खेपंला मला फोटू नगं, फळ आणून दाव."

कॅमेरा विकला नाही. भाच्यानं त्याच्याकडच्या एक्सटेन्शन ट्यूब दिल्यात. त्या नुसत्या पोकळ कड्या असतात, काच नसते, पण लेन्स पुढं सरकल्यामुळं किडीच्या अगदी जवळ जाता येतं. उजेड मात्र कमी पडतो, म्हणून फ्लॅशवर बटर पेपर लावून बघतोय. फुलातले थ्रिप्स बरे आलेत, पुढच्या नोंदीत टाकतो.

काल सोमवार होता. दहा झाडांचे फोटो काढायला निघालो तर घरची दारातनं ओरडली, "आभाळाचा काढून बघा आदी."

काढला. साफ होतं.